झारा

डी मॉइन (अमेरिका), रमजानचा दुसरा शुक्रवार

डोळे मिटतायत, तरी हे लिहून टाकते. मशीद बंद, दोघांची ऑफिसं घरातच. माझ्या मीटिंगा संध्याकाळपर्यंत चालतात, म्हणून लॉकडाऊन लागल्यापासून इफ्तारचं सगळं सलीमच करतो. छान करतो. फक्त रत्नागिरीहून अम्मींचा व्हिडिओ कॉल आला की झारा माझ्या हातात देतो आणि सोफ्यावर जाऊन बसतो. मग मी लॅपटॉपसमोरून उठायचं आणि झारा धरून सासूबाईंशी बोलायचं. नवऱ्याची लाज मी का झाकायची? आणि यात लाज तरी कसली? रोज ठरवते, आज विचारायचंच. रोज मुकाट्याने झारा घेते. रोज्यात भांडायला तरी ताकद कुठून आणू.

आज तो कांदा तळत होता. कॉल आला, झारा माझ्याकडे आला. अम्मी म्हणाल्या, "कानाला हेडफोन लावून कुणी कांदा तळतं का बाई? दे त्याला, करपेल."

मग हसल्या. "याचे अब्बाही असेच. मी आजारी असले की स्वयंपाक तेच करायचे. दारात कुणी आलं की झारा माझ्या हातात. तापातसुद्धा उठून उभी राहायचे मी."

त्या हसत होत्या. मला हसता येईना.

सलीम उठला. माझ्या हातातून झारा घेतला आणि फोनकडे पाठ करून कांदा हलवत राहिला.

"तोंड इकडे कर रे," अम्मी म्हणाल्या. "बघू दे मला."