मागच्या सीटवरून पाहिलेली गाडी

प्रिय आई,

हे फोनवर सांगायला घेतलं असतं तर तू नेहमीसारखी ‘बरी आहेस ना? मग ठेव आता’ म्हणून मोकळी झाली असतीस. पत्राला मध्येच तोडता येत नाही, म्हणून लिहिते आहे. वहिनी वाचून दाखवेल. वहिनी, घाई करू नकोस, आणि शेवट आधी बघायचा नाही. तुला माझी शपथ आहे.

बातमी अशी की आम्ही गाडी घेतलीय. लांब, डिकीवाली, घरातली माणसं ऐसपैस बसतील अशी. नुसतं ऐकूनच तुझ्या पोटात ढवळलं असेल, पण जरा धीर धर.

शोरूममध्ये पाऊल टाकताच तुझा जावई टर्बो इंजिनाच्या प्रेमात पडला. टर्बो म्हणजे काय ते मी आधी नीट वाचून गेले होते. उगाच का तू मला चौकशीबाई म्हणतेस? इंजिनातून बाहेर पडणारा धूर एक छोटं चाक फिरवतो आणि त्या जोरावर इंजिनात जास्तीची हवा कोंबली जाते. तू फुंकणीनं विस्तव फुलवायचीस ना, तसंच. त्यामुळे लहान इंजिनही मोठ्याचं काम करतं. पण फुंकल्यावर आधी काहीच होत नाही आणि मग जाळ एकदम भडकतो, तसं काही गाड्यांचं असतं. पाय दाबला की क्षणभर सगळं गप्प, आणि मग पाठीत रट्टा. तो रट्टा मला नको होता. तुझ्यासाठी नको होता.

माझ्या पदवीच्या समारंभाला तू यायला निघाली होतीस, हे मला खूप उशिरा दादाकडून कळलं. चढाच्या रस्त्यावर बस लागली, तू उतरलीस, दगडावर बसून राहिलीस आणि परत फिरलीस. मला मात्र म्हणालीस, ‘कामं निघाली गं. आणि तिथे येऊन मला काय कळणार होतं?’ आपल्या घरात पहिल्यांदाच कुणीतरी शिकलं होतं, आणि ते बघायला तू अर्ध्या वाटेपर्यंत आली होतीस. मी सारखी दाराकडे बघत होते. त्यानंतर तू कुठल्याच गाडीत बसली नाहीस. माझं घरही तू अजून पाहिलेलं नाहीस.

म्हणून गाडी चालवून बघायची वेळ आली तेव्हा मी पुढे बसलेच नाही. मागे, खिडकीशी, तू बसशील तिथे बसले. हिसका किती बसतो ते कळावं म्हणून मांडीवर पाण्यानं भरलेला पेला धरला. विक्रेता म्हणाला, ‘मॅडम, गाडी पुढे बसून बघतात.’ मी म्हटलं, ‘मी गाडी नाही बघत, माझ्या आईची जागा बघतेय.’ तो बिचारा तुझ्या जावयाकडे बघायला लागला. जावई म्हणाला, ‘माझ्याकडे नका बघू, मी लग्नाच्या आधीच हरलोय.’

पहिली गाडी मोठ्या टर्बोची. पुलाच्या चढावर जावयानं पाय दाबला आणि अख्खा पेला माझ्या अंगावर. हा माणूस पोरासारखा खिदळत होता आणि मागे मी भिजलेली, मळमळलेली. ती बाद. दुसरी बिनटर्बोची. सपाट रस्त्यावर अगदी गुणी, पण चढ आला की इंजिन बोंबलायला लागलं आणि गिअर बदलताना हिसके बसले. पाणी कमी सांडलं, पोटात मात्र तेच. तीही बाद. तिसरीत लहान टर्बो होता, नुसता पाय टेकवला तरी ओढणारा. तोच पूल, तोच चढ, आणि पाण्यावर फक्त एक तरंग. ‘हीच!’ मी ओरडले. आणि पुढच्याच वळणावर ‘थांबव, थांबव’ करत दार उघडून रस्त्याच्या कडेला ओकले.

विक्रेत्याचं तोंड एवढंसं झालं. ‘मॅडम, या गाडीत आजवर कुणालाही...’ म्हणत तो माझ्यामागे रुमाल घेऊन धावला. मी रडकुंडीला आले होते. पाणी हललं नाही, मग पोट का हललं? माझं कुठे चुकलं? की तुझं गाडी लागणं आता माझ्याकडे आलं? शोरूमवर परतलो तेव्हा दाराशी बसणाऱ्या बाईंनी मला पाणी दिलं, माझ्याकडे नीट बघितलं, कानाशी येऊन काहीतरी विचारलं आणि हसून म्हणाल्या, ‘गाडीचं नंतर बघा ताई. आधी डॉक्टरांकडे जाऊन या.’

वहिनी, इथे थांब. आईच्या चेहऱ्याकडे बघ, आणि मगच पुढचं वाच.

आई, गाडीत काही खोट नव्हती. तू आजी होणार आहेस. सगळं ठीक आहे असं डॉक्टर म्हणाल्या. मी पुन्हा पुन्हा विचारल्यावर जरा वैतागूनच म्हणाल्या. ती तिसरी गाडी आम्ही घेतली आहे आणि रविवारी तुला न्यायला येतोय. बाळ येईपर्यंत तू माझ्याजवळ हवी आहेस, त्याच्यानंतरही. जावई सावकाश चालवेल, त्याच्या उजव्या पायाकडून मी वचन घेतलंय. चढावर हवं तितक्या वेळा थांबू, तुझ्या त्या दगडावरही बसू, पण या खेपेला तिथून पुढे यायचं. मागे आपण दोघी. तुला ओकारी आली तर मी पाठ चोळेन, मला आली तर तू चोळ. खिडकीची जागा तुझी.

तुझीच,
चौकशीबाई