एक वजा

तीर्थस्वरूप मामांना भाच्याचा नमस्कार. साष्टांगच घालणार होतो, पण कमरेने परवानगी दिली नाही, तेव्हा खुर्चीतूनच गोड मानून घ्या. तुमचा गुडघा काय म्हणतो? मामींची साखर? (रक्तातली विचारतोय.) आम्ही आहोत, म्हणजे नुसते आहोत. पत्राला उशीर झाला, कारण माझ्या अंगावर इतिहास कोसळलाय.

शाळेला पंचाहत्तर वर्षं होताहेत. स्मरणिका निघणार, आणि तिच्यातला 'शाळेचा इतिहास व क्रीडापरंपरा' हा लेख मी लिहायचा, असं मोठ्या बाईंनी परस्पर ठरवून टाकलं. इतिहास तुम्हीच शिकवता ना, म्हणाल्या. क्रीडा माझ्या गळ्यात कशी पडली तेही ऐका. आमचे पीटीचे सर मुलांना वाकायचं कसं ते दाखवायला वाकले आणि तसेच राहिले. तीन महिने झाले, रजेवर आहेत. त्यांची शिट्टी माझ्याकडे आली. आता मी सकाळी सनावळ्या घोकून घेतो आणि दुपारी, वयाच्या चोपन्नाव्या वर्षी, उन्हात उभा राहून 'डावा-उजवा' ओरडतो. पोरं सरळ चालतात, मीच वाकडा चालतो.

बरं, इतिहास लिहायचा तर कागद हवेत. शाळेचं जुनं दप्तर वाळवीने वाचून संपवलंय (आमच्याकडे इतकं मन लावून वाचणारं दुसरं कुणी नाही). करंडकांच्या कपाटाची किल्ली कधीची हरवलेली, म्हणून सुतार बोलावला. त्याला दार उघडायला सांगितलं तर त्याने दारच काढून हातात दिलं. आत तो मधला मोठा करंडक, ज्याच्याकडे बोट दाखवून आम्ही पिढ्यान्‌पिढ्या मुलांना स्फूर्ती देत आलो, तो पुसून पाहिला. धावण्याबिवण्याचा नव्हता. स्वच्छ मुताऱ्यांबद्दल मिळालेला होता. अक्षरं भिंतीकडे करून मी तो मुकाट्याने जागेवर ठेवला. या वयात किती जणांची स्फूर्ती काढून घ्यायची?

त्याच कपाटात तुमच्या वेळच्या ड्रिलमास्तरांची कच्ची वही सापडली. इथून पुढचं जरा बसून वाचा, मामा. शाळेची कापडी टेप आठवते ना, पहिला फूट तुटून गेलेली? नव्या टेपला मंजुरी काही येईना, म्हणून एकच्या आकड्यापासून मोजायचं आणि आलेल्या मापातून एक फूट कमी करायचा, ही आपली रीत. मास्तर विसरभोळे, त्यामुळे तुटक्या टोकाशी बसलेल्या पोराने प्रत्येक उडीला 'एक वजा' असं ओरडायचं, मग ते वजा करून लिहायचे. (स्टीलची टेप आली, तरी कुणी फुशारकी मारली की स्टाफरूममध्ये अजून हळूच 'एक वजा' म्हणतात.) वहीत दोन रकाने आहेत, एक टेपवरच्या मापाचा आणि दुसरा वजा केल्यानंतरचा. सगळ्यांचे आकडे नेमाने एक फूट उतरलेत. फक्त तुमच्या नावापुढे दोन्हीकडे अठरा फूट तीन इंच.

म्हणजे सभागृहातल्या फळ्यावर चव्वेचाळीस वर्षं सोनेरी अक्षरांत असलेली तुमची लांब उडी खरी सतरा फूट तीन इंचांची. तुम्ही अजून पाहुण्यांना दिवाणखान्यातल्या फरशा मोजून ती दाखवता, मला ठाऊक आहे. मामी अशा वेळी आतल्या खोलीत निघून जातात, तेही ठाऊक आहे. मला हे उकरायची हौस नव्हती हो. वही परत कपाटात टाकून (दार नव्हतं, पण टाकून) मी गप्प बसलो असतो.

पण नववीत एक मुलगी आहे. शिंप्याची लेक, बोलायला कंजूष, पळायला वारा. सतरा फूट दहा इंच उडते, पक्क्या टेपने मोजून. आता शाळेचा विक्रम मोडेल त्यालाच मोठ्या स्पर्धेला पाठवायचं, असा समितीचा जुनाट ठराव आहे. तो झाला तेव्हा शाळेत मुलीच नव्हत्या, म्हणून फळ्यावर रकानाही एकच. या शनिवारी नावं पाठवायची आहेत. पुढच्या वर्षी तिचं घर दुसऱ्या गावी जाणार, म्हणजे काय ते आत्ताच. मी समितीपुढे वही ठेवली. त्यांनी ती उलटीसुलटी करून पाहिली, माना हलवल्या, चहा घेतला आणि उठले. असो. तुमच्या कानावर घालावं म्हणून लिहिलं, माझं काही मागणं नाही. मामींना नमस्कार सांगा, जिने चढू नका.

तुमचा दमलेला भाचा

ता. क. मागणं नाही असं वर लिहिलंय, ते खोडून वाचा. विक्रम करणाऱ्याने स्वतः लिहून दिलं तरच फळा बदलू, असं अध्यक्ष उठता उठता म्हणाले. सोबत कागद जोडलाय. 'माझी उडी सतरा फूट तीन इंच होती' एवढंच त्यावर आहे, खाली तुमची सही हवी. शुक्रवारपर्यंत माझ्या हातात पडेल असा पाठवा. रागवायचं असेल तर खुशाल रागवा, पण सही करून मग रागवा.

आणखी एक. वही सापडली हे खरं, पण मला वहीची गरज नव्हती. त्या दिवशी तुटक्या टोकाशी मीच बसलो होतो, पाचवीतला. सकाळी निघताना तुम्ही घरात सगळ्यांना ऐकवलं होतंत, अठरा फूट मारली नाही तर परत येणार नाही म्हणून. बाकीचे हसले. मला ते खरं वाटलं. तुम्ही वाळूतून उठलात, मास्तरांनी आकडा वाचला आणि मी ओरडलोच नाही. तेव्हा मला जराही वाईट वाटलं नाही, तुम्ही घरी येणार एवढंच कळत होतं. आता मात्र लाज वाटते. ती पोरगी रोज संध्याकाळी उडी मारते, वाळू झटकत माझ्यापाशी येते आणि विचारते, "सर, आज किती कमी पडलं?" आणि मी टेप बघून सांगतो, पाच इंच.