दादाचा घोडा

ताई,
पोलीस चौकीत जातेय. आईला एवढ्यात काही सांगू नकोस.

दादाचा तो गेम रीतसर विकत घेतलेला, तरी दर वेळी कंपनीची परवानगी लागते आणि एका वेळी एकाच मशीनवर चालतो. या जाचाला मी रोज शिव्या घालते. आज घरच्या कॉम्प्युटरवर खेळता खेळता गेमने मला हाकललं: 'हे खातं दुसरीकडे चालू आहे.'

दुसरीकडे म्हणजे दादाने नेलेला लॅपटॉप. महिनाभर पठ्ठ्याचा पत्ता नाही आणि खुशाल खेळतोय! मी उड्याच मारल्या.

मग परत गेममध्ये शिरले. आम्ही दोघांनी त्यात शिंगरापासून वाढवलेला घोडा विकून टाकलाय. दादा उपाशी राहील, पण तो घोडा विकणार नाही.

मग त्याच्या लॅपटॉपवर बसलंय कोण?

धाकटी