पंचमीच्या आधी घेतलेली जुनी होडी

आबा, बैलासारखी पारखून घेतलेली तुमची ती जुनी होडी अजून माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. लग्न होऊन मी नुकतीच नीरेपलीकडं गेले होते. पहिली पंचमी माहेरी करायची रीत, आणि श्रावणात घाटावरचं पाणी येऊन नदी दुथडी भरलेली. माहेरची निरवांगी समोर दिसायची, पण जायला वाट नव्हती. सासूबाई म्हणाल्या, पंचमी काय, पुढच्या वर्षीही येते. मी मान हलवली आणि गोठ्यात जाऊन रडले.

तिकडं तुम्ही इंदापूरच्या अंगाला, भीमेवर, एका नावाड्याची टाकून दिलेली होडी बघायला गेलात. हे दादानं मला मागाहून सांगितलं. जन्मभर बैलबाजार केलेला माणूस तुम्ही. होडीभोवती फेरी मारलीत, फळ्यांवर थापा मारल्यात आणि उपरण्याखाली हात घालून बोटांनी भाव करायला लागलात. नावाडी हसला म्हणे. "आबा, ह्यो बैल न्हाय. छपरात पडून सुकलीया, सांधं उघडल्यात हिचं. चार दिस पाण्यात बुडवून ठिवा, फळ्या फुगल्या की मग बसा." त्या उघड्या सांध्यांमुळंच ती तुम्हाला स्वस्तात पडली. गाडीवर घालून आणलीत तेव्हा गाव म्हणालं, भाजीचं माळवं तर गाडीनं बारामतीला जातं, ह्यांना होडी कशाला?

मला तेव्हा यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मी सासरच्या काठावर धुणं धुतेय आणि बघते तर समोर तुम्ही आणि दादा एका होडीत दगड भरताय. भरता भरता ती काठाशीच बुडाली आणि तुम्ही हात झटकून घराकडं चाललात. मला वाटलं, आबांनी नाद सोडला. धुणं तसंच पिळून मी घरी आले.

पंचमीच्या आदल्या दिवशी पाणी जरा उतरलं आणि तुम्ही आलात. वल्हं दादाच्या हातात होतं. सांध्यांतून अजून पाणी झिरपत होतं, ते मी तांब्यानं उपसत बसले. नदीच्या मध्यावर माझ्याकडं न बघता तुम्ही म्हणालात, "गावात कुणी इचारलं तर माळव्यासाठी घेतली म्हण." मी व्हय म्हणाले, आणि पुढं सगळ्यांना तेच सांगितलं.

तुम्हाला वाचता येत नव्हतं. तेव्हा लिहिलं असतं तर कुणीतरी वाचून दाखवलं असतं, आणि हे तुम्ही तिसऱ्याच्या तोंडून ऐकावं असं मला वाटलं नाही. आता लिहिलंय, तर पाठवायचं कुठं? खरं सांगते आबा, पंचमीचं मला एवढं काही नव्हतं. तुम्ही न्यायला येता का, तेवढंच बघायचं होतं.