उंदरांची रात्र, ह्यांची रात्र

३ फेब्रुवारी

हे आज पुन्हा चहाच्या कपावर डुलले. बिस्किट बुडालं तरी पत्ता नाही. एके काळी हा माणूस कुठेही झोपायचा — लग्नाच्या फोटोतसुद्धा डोळे मिटलेले आहेत. किती गोड दिसतात! आता रात्रभर टक्क जागे. विचारलं तर म्हणे, “वय झालं.”

वय काय माझं झालं नाही?

५ फेब्रुवारी

प्रयोगशाळेतल्या उंदरांची रात्र आम्ही भरदुपारी करतो. काळे पडदे, लाल दिवा — त्यांना वाटतं, बाहेर अंधार पडला. मग त्यांच्या मेंदूत मेलाटोनिन वाढतं. माणसाला त्याने झोप येते. हे शहाणे उंदीर मात्र तेव्हाच हुंदडतात.

मी पिंजरे सांभाळते, इंजेक्शनं देते. रक्त तपासतात आमच्या डॉक्टरीणबाई. आज म्हणाल्या, “ॲड्रेनॅलिनच्या जातीचं औषध दिलं की मेलाटोनिन चढतं. ॲड्रेनॅलिनला अडवणारं दिलं की धाडकन खाली.”

“अडवणारं म्हणजे कुठलं?”

त्यांनी नाव सांगितलं. ह्यांच्या छातीतल्या धडधडीची गोळी तीच. रोज मीच हातावर ठेवते.

६ फेब्रुवारी

मनाने गोळी बंद करायची नसते, एवढं कळतं. म्हणून निदान अंधार तरी नीट द्यावा. बेडरूमला काळे पडदे, कोपऱ्यात लाल दिवा. हे दारातच थबकले.

“फोटो धुणारेस, की मला शेपूट फुटतंय का ते बघणारेस?”

७ फेब्रुवारी

हृदयाच्या डॉक्टरांना गाठलं. हसले. “काकू, ते उंदीर आहेत. काका माणूस आहेत.”

“कुरतडतात दोघंही सारखंच,” मी म्हटलं.

पण मग गंभीर झाले. माणसांतही असं होऊ शकतं म्हणाले, आणि गोळी बदलून दिली. मी तर विजयी मुद्रेने घरी आले.

१२ फेब्रुवारी

नवी गोळी, काळे पडदे, गरम दूध. हे जागेच.

शाळेच्या होस्टेलवर दिवा मालवताना सिस्टर म्हणायच्या, “झोपा मुलींनो, देव जागा आहे.” किती निवांत वाटायचं ते ऐकून. ह्यांनाही सांगून पाहिलं.

“मग त्याला म्हणावं, एखादी पाळी कर.”

काय बोलतो हा माणूस, देव जाणे.

१३ फेब्रुवारी

भाजी निवडता निवडता, मान खाली घालूनच, हे बोलले.

“गोळीचं नाही गं काही. झोपेत तुझा श्वास थांबतो. मी हलवलं की परत सुरू होतो.”