दोनदा दाबलं की डावीकडे

सान रोमुआल्दो, मारान्योनकाठ
९ मार्च

ती. नेलिदाताईस,
सा. न. वि. वि.

आम्ही सगळे जिवंत आहोत, एवढंच खुशालीचं. बाकी तू पाठवलेल्या नव्या बॅटरीनं आपली होडी फोडली. पुढची फळी तुटली, केळीचे घड नदीनं नेले आणि बाबांचा उजवा खांदा निखळला.

मंगळवारी तिन्हीसांजेला आम्ही नाउताला निघालो होतो. बाबा मागं इंजिनाशी, मी नाळेवर, होडीच्या पुढच्या टोकाला. इंजिनाच्या आवाजात पुढची हाक मागं पोचत नाही, हे तू लहानपणापासून बघतेस. म्हणून नाळेवरचा माणूस बोलतो तो बॅटरीवरच्या अंगठ्यानं. एकदा उजेड म्हणजे उजवीकडे घ्या, दोनदा म्हणजे डावीकडे. उजव्या काठाशी मोठा ओंडका अडकलेला दिसला. मी दोनदा दाबलं. ताई, दोनदाच! तर ती बया पिसाळल्यागत लुकलुकायला लागली. मांडीवर आपटली तरी थांबेना. तोवर बाबांनी होडी वळवली ती उजवीकडे, नेमकी ओंडक्यावर.

आता बाबांचं ऐक. म्हणे लुकलुक म्हणजे काठाला लावा, कुणाला तरी उतरायचंय, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. आणि त्या काठावर घर कुणाचं, तर लेइसीचं. म्हणजे मी तिला भेटायला होडी थांबवायला सांगितली आणि वर बॅटरीवर ढकलतोय! रविवारी मासातो प्यायला सगळं गाव जमलं होतं, तिथं सगळ्यांदेखत म्हणाले की ज्याचा जीव पोरीत, त्याला नाळेवर जागा नाही. यापुढं मामाचा आद्बेल बसणार. ज्याला दिवसाढवळ्या मगर आणि लाकूड एकच वाटतं, तो आद्बेल. सात वर्षांचा असल्यापासून मी त्या नाळेवर आहे, ताई. ती जागा गेली तर मी या गावात फारिन्याचं पीठ भाजत बसू?

जुन्या बॅटरीचं बूड अर्धं दाबलं की उजेड पडायचा, अंगठा सैल केला की विझायचा. खटका कुठं लागतोय ते बोटाला कळायचं. या नव्या बटणाला ना तळ ना टोक. चिखलात बोट घातल्यासारखं वाटतं. असला बिघडलेला माल सख्ख्या भावाच्या गळ्यात मारायला तुला काही वाटलं नाही?

रागावलो आहे, तरी तुझाच भाऊ.
रिस्तेर

---

बेलेन बाजार, इकितोस
१७ मार्च

चि. रिस्तेर यास,
अ. आ.

तुझं पत्र दुकानात उभ्यानं वाचलं आणि कानशिलं तापली. बिघडलेला माल म्हणे! जुनीचे एवढे गोडवे गातोस, तर गेल्या पुरात तिच्या बुडाच्या रबराला भेग पडली, आत पाणी शिरलं, खटका गंजून बसला, तेव्हा मला कुणी लिहिलं होतं की ताई, जिच्यात पाण्याचा थेंब शिरणार नाही अशी पाठव? तशी पाठवली. ती बादलीत बुडवून मगच मी विकते.

तरी चैन पडेना. गिऱ्हाइकं बाजूला सारली आणि दुकानातली एकूण एक बॅटरी दाबत बसले. शेजारची दोन्या एनेदिना विचारते, जपमाळ संपली का गं, की आता खटके ओढतेस! तर ऐक. तुझी बॅटरी बिघडलेली नाही. तिचा उजेड दाबताना पडत नाही, अंगठा उचलताना पडतो. दाबून धरली की मंद होत जाते. आणि चटचट दोनदा दाबली की लुकलुकते. वाटेत अडकलेल्याला मदत मागता यावी म्हणून कारखान्यानं मुद्दाम केलेली सोय आहे ती. ज्यानं केली त्यानं जन्मात होडी पाहिली नसणार, पण ते त्याचं नशीब.

म्हणजे तू दोनदाच दाबलंस हे खरं. बाबांना काठाला लावायची खूण दिसली हेही खरं. आणि तुम्ही दोघे बैल गावासमोर शिंगं अडकवून एकमेकांना खोटारडे म्हणत बसलात. एकानंही ती बॅटरी उचलून पुन्हा दोनदा दाबून पाहिली नाही. तू तर नाळेवर बसण्याआधीही पाहिली नाहीस! नवी चप्पल घेतली तरी माणूस चार पावलं चालून बघतो रे.

या बोटीनं पत्र्याची, जुन्या घडणीची पाठवतेय. तिला सरकता खटका आहे आणि शेजारी लाल टिकली. टिकली दाबली तेवढाच वेळ उजेड, सोडली की अंधार. उजेड निम्मा पडेल. पाणी शिरेल, शंभरदा शिरेल, रोज सेल काढून उन्हात ठेव. बाबांना वेगळं पत्र लिहिलं आहे. आद्बेलचं नाव काढून मला पुन्हा रडगाणं ऐकवू नकोस.

जेवत जा. आईला माझी आठवण सांग.
नेलिदा

---

सान रोमुआल्दो
२६ मार्च

चि. नेलिदास अनेक आशीर्वाद.

हात गळ्यात बांधलाय, म्हणून मी सांगतोय आणि गुरुजी लिहितायत. एक शब्द गाळायचा नाही अशी तंबी दिलीय, पण त्यांचं तोंड बघता शिव्या गाळणार.

तुझं पत्र पोचलं. बटणाची वकिली पुरे झाली. ज्याच्या हातात हत्यार, त्यानं ते ओळखायचं असतं. कारखान्यानं काय ठरवलं ते मला सांगू नकोस. या नदीवर काय ठरलंय ते माझ्या बापानं मला सांगितलंय.

मी पोराला खोटारडा म्हणालो, ते केळीसाठी नाही आणि खांद्यासाठीही नाही. लुकलुक दिसली तेव्हा मला उशीर झाला होता. केळी पिकत होती, नाउताचा व्यापारी वाट बघत नाही. तरी म्हटलं, जाऊ दे, भेटू दे त्याला त्या मुलीला. आम्हीही कधीकाळी कुणाच्या काठाला होडी लावली होतीच. मी हसत वळवली, नेलिदा. हसत. आणि पुढच्या क्षणी पाण्यात. वर तो म्हणतो, मी बोलावलंच नव्हतं! मग मी कुणासाठी हसलो?

हे त्याला कळवायचं नाही. कळवलंस तर तुझ्या दुकानातून सेलसुद्धा घेणार नाही. आद्बेलचं ठरलंय ते ठरलंय.

तुझ्या आईचे गुडघे दुखतात. मलम पाठव.
तुझे बाबा, एर्मोहेनेस

---

सान रोमुआल्दो
१२ एप्रिल

ती. ताईस सा. न. वि. वि.

मलम आणि बॅटरी मिळाली. तू बाबांना काय लिहिलंस कोण जाणे. ते माझ्याशी अजून धड बोलत नाहीत आणि मीही त्यांच्या पाया पडायला गेलेलो नाही.

परवा नवी फळी ठोकून नाउताला निघालो. बाबांच्या खांद्याला सुकाणू पेलवत नाही, म्हणून इंजिनाशी मी. नाळेवर आद्बेल, मधे घडांवर बाबा, घुम्यासारखे. पहिल्याच वळणाला आद्बेलनं टिकली दाबली आणि दाबूनच धरली, कारण त्याला म्हणे पाण्यात काहीतरी चमकताना दिसलं. बाबा उठले, त्याच्या हातातली बॅटरी हिसकावली, त्याला पाणी उपसायला बसवलं आणि स्वतः नाळेवर जाऊन बसले. डाव्या हातानं खुणा करायला लागले.

ताई, मागून काही म्हणजे काही दिसत नाही. एक पाठ आणि तिच्यापुढं मधूनच एक उजेड. मी ओरडायचो की उशिरा दाबताय. ते मान वळवून ओरडायचे की तू उशिरा वळवतोस. इंजिनाच्या आवाजात कुणाचं कुणाला ऐकू गेलं देव जाणे, पण आद्बेल कानात बोटं घालून बसला होता.

अंधारून आलं तेव्हा लेइसीच्या घराशी पोचत होतो. तिथंच पुढचा उजेड लुकलुकायला लागला. पत्र्याची बॅटरी आपोआप लुकलुकत नाही, हे मला कळत होतं. तरी वाटलं, डावा अंगठा आहे, थरथरत असेल. मी होडी सरळच ठेवली. तर बाबा नाळेवर चक्क उभे राहिले, मागं वळले आणि काठावरच्या कुत्र्यांनाही ऐकू जाईल असं ओरडले की डोळे फुटलेत का, काठाला लाव सांगितलं की लावायची.

मी लावली. उतरलो, तेव्हा ते माझ्याकडे पाठ करूनच बसले होते. लवकर ये, केळी पिकतायत, एवढंच म्हणाले, तेही रागानं.

माया असू दे. राग असला तरी चालेल.
तुझा,
रिस्तेर