कॅल्डरशी एकनिष्ठ

३ नोव्हेंबर, सोमवार. पहाटे.
पूजा आटोपून फोन उघडला आणि दुर्वार्ता वाचली. नॉर्थफील्डने कॅल्डर विकत घेतली. गोल्फचा क्लब, म्हणजे चेंडू मारायची काठी, जिथे हातात धरतो, तिथली रबरी ग्रिप बनवणाऱ्या या दोन कंपन्या. पिढ्यानपिढ्यांचे वैर, आणि आज एकीने दुसरीला गिळले.

पलटणीत मी धर्मशिक्षक होतो. निवृत्तीच्या दिवशी कर्नलसाहेबांनी आपला जुना गोल्फ सेट माझ्या स्वाधीन केला. तेव्हापासून त्यावर कॅल्डरखेरीज अन्य ग्रिप चढलेली नाही. ज्याचा एकदा हात धरला, त्याला संकटात सोडू नये, ही आमच्या घराची शिकवण. संकल्प: देहात प्राण असेतो कॅल्डर. माजी सैनिकांच्या गोल्फ ग्रुपवर तसे जाहीर केले. अनेकांनी हात जोडले. एका ब्रिगेडियरसाहेबांनी विचारले, नॉर्थफील्डवर आता सूट लागेल काय.

६ नोव्हेंबर, गुरुवार. सायंकाळी.
धारूरच्या किल्ल्याखालचे गायरान हे आमचे मैदान. तीन खड्डे, त्यांत पत्र्याचे डबे. गवत कापण्याचे काम सिदू धनगराची मेंढरे करतात. आज दुसऱ्या डब्याकडे फटका मारताना क्लब हातातून निसटून कळपात पडला. मेंढरू थोडक्यात वाचले. सिदू म्हणाला, "स्वामी, मेंढराला हाणायचं का चेंडूला, आधी सांगत जावा. मी तसा हुबा ऱ्हातो."

मी हसलो नाही. क्लब निसटण्याचे कारण उघड आहे. धनी बदलला की माल बिघडतो. माझ्या क्लबवरच्या ग्रिप्स गेल्या वर्षीच्या आहेत, हे खरे. परंतु असले व्यवहार आतून फार आधी ठरलेले असतात.

९ नोव्हेंबर, रविवार.
विश्वासघात. सिद्धाराम, माझ्याच पलटणीतला निवृत्त सुभेदार आणि या गावातला माझा एकुलता जोडीदार, आज नॉर्थफील्डच्या जाड ग्रिप्स चढवून आला. जाब विचारला तर त्याने बोटे पुढे केली. पेरे सुजलेली. म्हणाला, "पंडितजी, मूठ मिटंना झालीय. जाड हाय म्हणून घेतली. तुमी बी घ्या की. कावून हट्ट करायलाव?"

मी म्हणालो, दुखऱ्या बोटांसाठी आज ब्रँड सोडलास, उद्या दुखऱ्या गुडघ्यांसाठी देव सोडशील.

तो म्हणाला, "गुडघे दुखतेत म्हणून खुर्चीवर बसूनच पूजा करतो की मी. देव कुठं काय म्हणला?"

त्याच्याशी खेळ बंद.

१३ नोव्हेंबर, गुरुवार.
इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन उजव्या हाताने जल सोडत होतो. तळहात हलला. बेलपान खाली गेले, लिंग जागेवर राहिले. ते हातून भूमीवर पडणे म्हणजे काय, हे येथे लिहिण्याचेही धैर्य नाही. दीक्षेपासून ते गळ्यात आहे आणि या देहाबरोबरच जावयाचे आहे.

कारण: थंडी. डोंगरकडेला ती लवकर उतरते. संकल्प: उद्यापासून पूजा उन्हे आल्यावर. पत्नी दानम्मा म्हणाली, "अंबाजोगाईला डॉक्टरला हात दाखवू. चहा बी सांडायलाव आजकाल." तिला सांगितले की, नवे कप बुळबुळीत आहेत. ती म्हणाली, "कप लग्नातले हाईत."

१८ नोव्हेंबर, मंगळवार.
पुण्याहून लेकीने, शिवांजलीने, शोधून कॅल्डरच्या जुन्या साठ्यातल्या ग्रिप्स पाठवल्या. विक्रीपूर्वीच्या, निर्भेळ. जुनी ग्रिप ब्लेडने कापली, दांडीला चिकटपट्टी लावली, नवी ग्रिप सरकावी म्हणून वर पेट्रोल शिंपडले. दानम्माने दांडी धरली आणि ग्रिप मी ओढली. शेवटी शेवटी थोडी तिनेही ओढली.

आता सबबीला जागा नाही. नॉर्थफील्डचे पितळ उद्या उघडे पडेल.

१९ नोव्हेंबर, बुधवार.
वारा होता.

एकटाच गेलो होतो. पहिल्या फटक्याला क्लब सुटला, दुसऱ्यालाही सुटला. सिद्धाराम दूर एका दगडावर बसून होता. तो खेळावयास आला नव्हता. उठला, क्लब उचलला, सदऱ्याने पुसून माझ्यासमोर धरला. "नवी ग्रिप लई झाक बसलीय, पंडितजी," एवढेच म्हणाला आणि चालू लागला. त्याला थांबवणार होतो. हाक मारायची राहून गेली.

ग्रुपवर नॉर्थफील्डला सूट लागली आहे. हात जोडणाऱ्यांनीही मागवल्या. निष्ठा म्हणून काही उरले नाही.

२४ नोव्हेंबर, सोमवार.
ऊन चांगले होते. हात शेकून घेतले होते. तरीही जल सोडताच तळहात कलला आणि लिंग बोटांकडे सरकू लागले. बोटे मिटावीत असे मनात आणले. मिटली नाहीत.

दानम्मा फुलांचे ताट घेऊन शेजारी होती. तिने ताट तसेच टाकले आणि आपला तळहात माझ्या तळहाताखाली घालून वर उचलला. लिंग थांबले. मला पुढचा मंत्र आठवेना. ती म्हणाली, "म्हणा. मी धरलंय."

उरलेली पूजा तशीच झाली. नंतर दोघांनी मिळून फुले वेचली.

एक गोष्ट मात्र ध्यानात आली. दानम्माचा हात फार थरथरत होता. माझ्या हाताखाली होता, म्हणून कळले. या वयात दुर्लक्ष करणे बरे नव्हे. गुरुवारी तिला अंबाजोगाईला नेईन. सिद्धारामला गाडी काढ म्हणून निरोप धाडला आहे. जातोच आहोत तर माझाही हात दाखवून घ्यावा, असे ती म्हणते. तिच्या समाधानासाठी हो म्हटले.